दगडातली साय

प्रिय कशावरूनबाई,

सोबतचं खोकं उघडण्याआधी हे वाच. उघडून झालं असेल (तुझा उतावळेपणा कुणाकडून आलाय ते मला माहीत आहे), तर आतला दगड टेबलावर ठेव, त्याला बोटं लावू नकोस आणि खुर्चीत बस. दगड अर्धाच आहे. दुसरा अर्धा इथे माझ्यासमोर आहे. ज्या टॉवेलात तो गुंडाळलाय तो तुझ्या आईच्या नकळत घेतलेला आहे, तेव्हा फोनवर टॉवेलाचा विषय काढायचा नाही. अक्षर वेडंवाकडं येतंय ते वयामुळे नाही. आनंदामुळे येतंय. गेला आठवडाभर मी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढतोय आणि तुझी आई खालून ओरडतेय की गुडघे काय भाड्यानं आणलेत का.

निवृत्तीनंतर विद्यापीठातल्या आमच्या भूशास्त्र विभागानं मला तळघरात एक टेबल दिलं ते तुला ठाऊक आहे. बॉयलरची खोली एका बाजूला, दगडांचं कोठार दुसऱ्या बाजूला, वर एक उंच खिडकी, तिच्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात. कोठारातले दगड निवडून कुठले ठेवायचे आणि कुठले टाकायचे हे सांगणं माझं काम. तिथे म्हणे सायकली ठेवायला जागा करायची आहे. मी प्रत्येक कपाट उघडतो, आतले दगड बघून खूश होतो आणि टाकण्यासारखं काहीच नाही असं वर कळवतो. विभागप्रमुख बाई माझीच जुनी विद्यार्थिनी, त्यामुळे ती हसते आणि सायकली अजून व्हरांड्यातच आहेत. तुझी आई त्या कोठाराला आपली सवत म्हणते. परवा तर तिनं डबा भरून देताना विचारलं, एकाचा देऊ की दोघांचा.

तर या कोठाराचं दार आपोआप बंद होतं, आणि ते उघडं राहावं म्हणून त्याला एक दगड लावलेला असतो. वर्षानुवर्षं तोच. मी त्याला ठेचकाळलोय, तूही लहानपणी ठेचकाळली आहेस, सगळ्या विभागानं त्याला लाथा मारल्यात. मागच्या आठवड्यात झाडलोट करणाऱ्या मावशी फरशी पुसत होत्या आणि त्यांच्या बादलीतलं पाणी त्या दगडावर सांडलं. मी डबा धुऊन परत येत होतो. आता तुला सांगायला नको की ओला दगड आणि कोरडा दगड यांच्यात किती फरक असतो. दगड बघायचा तर आधी थुंकी लावायची, हे तू वाचायला शिकायच्या आधी शिकलीस, आणि नातेवाइकांच्या अंगणातला दगड चाटून आईचा धपाटाही खाल्लास. मी खाली बघितलं आणि पाय तिथेच थांबले. मावशींना वाटलं, मी घसरलो. त्या हात धरायला धावल्या, आणि मी फरशीवर गुडघे टेकून बसलेला बघून आणखीच घाबरल्या.

करड्या वाळूच्या दगडात एक काळी रेघ होती, केसाहून थोडी जाड. अशा रेघा खंडीभर असतात, त्यांचं काही नाही. पण या रेघेचं एक टोक वर उचललं गेलं होतं आणि स्वतःवरच उलटं दुमडून गुंडाळलं गेलं होतं. गुंडाळीच्या पोटात वाळूचे थोडे कण अडकलेले. आपण दुधावरची साय चमच्यानं बाजूला सारतो तेव्हा तिची कड कशी गोळा होते, अगदी तसं. वाळू दुमडत नाही गं. वाळू सुटते, वाहते, पसरते, पण स्वतःची घडी घालत नाही. घडी पडायला कणांना धरून ठेवणारं काहीतरी लागतं, चिकट, पातळ आणि सलग. दगड उलटा केला तर बुडाशी पांढऱ्या रंगात नंबर. तो मी ओळखला. मीच तरुणपणी त्या जुन्या नदीच्या थरांतून उचलून आणलेला दगड, आणि त्याच्या वरच्या ज्वालामुखीच्या राखेच्या थराचं वय आपल्याला पक्कं माहीत आहे. तीन अब्ज वर्षांच्या थोडं पलीकडचं. तीन अब्ज वर्षांपूर्वी एका उथळ नदीच्या तळावर सूक्ष्म जीवांची एक साय धरली होती, पाण्याला जोर आला, ती फाटली, कडेनं गुंडाळली गेली, वर वाळू पडली आणि ती तशीच राहिली. आणि आम्ही तिला दाराला लावून ठेवलं होतं.

घरी येऊन आईला दगडाचा फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की ज्या माणसाला चादरीची घडी घालता येत नाही त्याला बरी तीन अब्ज वर्षांपूर्वीची घडी सापडली. मग तिनंच चष्मा लावून फोटो पुन्हा बघितला, आणि बराच वेळ परत दिला नाही. तिलाही आवडलाय, पण ती तसं म्हणायची नाही.

तुझ्या वेण्या आठवतात का? आईची सकाळची पाळी असायची, ती अंधारातच इस्पितळात जायची, आणि तुझे केस विंचरायचं काम माझ्याकडे. तू हलू नयेस म्हणून मी पृथ्वीची गोष्ट सुरू करायचो. भांग पाडेपर्यंत सगळं वितळलेलं, लालभडक, वर खाली दगडाचाच रस. पहिली वेणी होईपर्यंत कवच धरायचं, वाफेचं पाणी व्हायचं, समुद्र भरायचे. चंद्र आजच्यापेक्षा जवळ, त्यामुळे भरतीचं पाणी कुठल्या कुठे जायचं. सूर्य मंद. हवेत ऑक्सिजन जवळजवळ नाहीच, आभाळ बहुधा नारिंगी, आणि समुद्र लोखंड विरघळून हिरवट झालेला. दुसऱ्या वेणीला रिबीन लागायची तरी जीव काही जन्माला आलेला नसायचा, शाळेची वेळ व्हायची आणि तू रडायचीस. आणि एक दिवस रडायच्या ऐवजी मान वळवून विचारलंस की तिथे कुणीच नव्हतं तर आभाळ नारिंगी होतं हे कशावरून. वेणी माझ्या हातून सुटली. मी म्हटलं बहुधा म्हणालो ना, तर तू म्हणालीस की बहुधा तरी कशावरून. त्या दिवसापासून तू कशावरूनबाई. शाळेत उशीर झाला म्हणून बाईंनी चिठ्ठी पाठवली होती आणि मी ती चिठ्ठी मित्रांना दाखवत हिंडत होतो.

त्याच आठवड्यात मी तुला घेऊन या कोठारात आलो. कशावरून विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं तर ते हातात द्यावं लागतं. त्या नदीतला गोटेरी दगड तुझ्या हातात दिला, पायराइटच्या चकचकीत गोळ्यांचा. तुला ते सोनं वाटलं. मी सांगितलं की हे लोखंड आणि गंधक आहे, आज उघड्या नदीत टाकलं तर हवा-पाण्यानं गंजून त्याचा रंग उडेल. पण हे बघ, नदीनं त्याला लोळवून लोळवून गोल केलंय, म्हणजे ते पुष्कळ काळ पाण्यात होतं, तरी गंजलेलं नाही. मग तेव्हाच्या हवेत काय नव्हतं, सांग बघू. तू विचार केलास, ओठ चावलास आणि म्हणालीस, ऑक्सिजन. मी तुला उचलून घेतलं होतं. पुढे लोखंडाचे लाल पट्टे दाखवले, म्हणजे ऑक्सिजन आल्यावर समुद्रातलं लोखंड गंजून तळाशी बसलं ते. हा ऑक्सिजन केला कुणी, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांनी, आणि त्यांच्या लेखी तो निव्वळ कचरा होता. आपण दुसऱ्याच्या कचऱ्यावर जगतो हे ऐकून तू दोन दिवस ज्याला त्याला तेच सांगत सुटली होतीस. तुझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघायला लागले होते.

आता तेलाचं बोलू. आपण दोघंही त्याच्यावरून वळसा घालून जातो, जणू घरात आजारी माणूस झोपलाय. मी ते दार आज उघडतो. माझ्या उमेदीच्या काळात आम्ही त्या जुन्या काळ्या दगडांत कार्बनच्या खुणा शोधल्या होत्या आणि हा जीवसृष्टीचा आद्य पुरावा आहे असं जगाला सांगितलं होतं. माझं नाव त्याच्यावर झालं. मग तू दुसऱ्या विद्यापीठात शिकायला गेलीस, त्याच दगडांचे तुकडे मागवलेस आणि त्यांची कांद्यासारखी एकेक साल काढत आत गेलीस. प्रत्येक सालीतला कार्बन वेगळा मोजलास. बाहेरच्या सालीत भरपूर, तिच्या आत कमी, आणखी आत त्याहून कमी, आणि गाभ्यात काहीच नाही. दगडातून आलेला असता तर तो सगळीकडे सारखा असता. तो बाहेरून आत झिरपला होता. आमच्या करवतीला थंड ठेवायला पाण्याऐवजी तेल वापरायचे. तीन अब्ज वर्षांपूर्वीचे जीव म्हणून मी ज्यांच्यावर भाषणं देत फिरलो ते करवतीचं तेल होतं.

तू हे ज्या सभागृहात मांडलंस तिथे मी पहिल्या रांगेत होतो. आलेख दाखवण्याआधी तू माझ्याकडे बघितलंस, आणि तुझा आवाज किंचित खाली गेला. नंतर लोक माझ्याशी असे बोलत होते जणू मी स्मशानातून आलोय. घरी मी मुकाट्यानं जेवलो आणि तू माझ्याकडे न बघता ताट उचललंस. मला वाईट वाटलं का? वाटलं, खोटं कशाला बोलू. आठवडाभर जेवण गेलं नाही. पण मी गप्प होतो तो त्यामुळे नाही, हे तुला मी कधी सांगितलं नाही आणि तू कधी विचारलं नाहीस. मी तुझा आलेख पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणत होतो. साली काढून मोजायचं हे मला का सुचलं नाही, इतकं सोपं, इतकं देखणं काम. माझ्या तोंडात घास होता आणि मनात येत होतं की हिच्या वेण्या मी घातल्यात. हे त्याच वेळी मोठ्यानं बोललो असतो तर बरं झालं असतं. पण आईनं नेमकी तेव्हाच भाजी वाढली.

असो. आता कामाचं. विभागप्रमुख बाईला मी हा दगड दाखवला तेव्हा ती खुर्चीतून उठलीच. येत्या परिषदेत पहिल्या दिवशी मांडायचं म्हणते. माझ्या नावाला पुन्हा झळाळी यावी अशी तिची मनापासून इच्छा आहे, तेल विसरलं जावं म्हणून ती माझ्यापेक्षा जास्त आतुर आहे. तळघरात सगळे येऊन बघून जातात. प्रत्येक जण मान डोलावतो, प्रत्येक जण सर, काय दिसलंय म्हणतो. एकानंही एक वाकडा प्रश्न विचारला नाही. मला घाबरून नव्हे, मला जपून. म्हाताऱ्याला एवढा आनंद झालाय, तर आपण कशाला विरजण घालायचं, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. आणि हे असंच परिषदेत गेलं आणि तिथे कुणी उठून ते पाडलं, तर दुसऱ्यांदा तेलवाला होण्याची माझी तयारी नाही. पहिल्या वेळी मी चुकलो होतो. या वेळी लोक म्हातारचळ म्हणतील आणि विभागात जो कुणी उद्या खरोखर काही शोधेल त्याच्याकडेही हसून बघतील. म्हणून मी बाईला सांगितलं की माझी मुलगी हो म्हणेपर्यंत हा दगड परिषदेत जाणार नाही. ती म्हणाली, सर, तिनं नाही म्हटलं तर? मी म्हटलं, तर तो परत दाराला लावू.

मी माझ्या परीनं त्याला पाडून बघितलंय. दगड दाबला जाऊन घडी पडली असेल म्हणावं, तर वरचा आणि खालचा थर अगदी सपाट आहे, मधल्यालाच कुणी दाबायला येणार नाही. पण एक शंका मला झोपू देत नाही. चिखल. नदीकाठचा ओला चिखल वाळला की त्याचे पापुद्रे सुटतात आणि कडेनं गुंडाळतात, तू लहान असताना आपण त्यांवरून कुरकुर करत चालायचो. ही रेघ चिखलाची असेल तर खेळ खलास. वाळलेला चिखल गुंडाळायला कुठल्या जीवाची गरज लागत नाही. रेघेत जुना कार्बन निघाला तर साय, नुसती माती निघाली तर पापुद्रा. पण कार्बन मोजणार कसा, हा दगड वर्षानुवर्षं फरशीवर बसून फिनाइल प्यायलाय. बाहेरच्या बाजूवर माझा काडीचा विश्वास नाही. याला एकच उपाय आहे, एकेक साल काढत गाभ्यापर्यंत जाणं. जगात ते सगळ्यात नीट कोण करतं ते तुला सांगायला नको. मी दगड पाण्याच्या करवतीवर कापला, करवत आधी स्वतः घासली, आणि तुझ्या अर्ध्याच्या आतल्या बाजूला हात लागू दिलेला नाही.

एवढ्यासाठी फोनही चालला असता असं तुझ्या मनात येईल. फोनच केला होता, आठवून बघ. मागच्या महिन्यात, हा दगड दिसायच्याही आधी, मी तुला सांगितलं की कोठारात एक ग्रॅनाइट सापडला आणि त्याच्यात चक्क शंख आहे, तीन अब्ज वर्षांपूर्वीचा. मी ते मुद्दाम म्हणालो. ग्रॅनाइट म्हणजे थिजलेला दगडाचा रस, त्यात शंख टिकेल कसा, आणि तेव्हा शंख असलेला प्राणी होता कुठे, पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा खो-खो हसलं असतं. मला ऐकायचं होतं की तू हसतेस, की ओरडतेस, की बाबा काय वेड लागलंय का म्हणतेस. तू म्हणालीस, अरे वा बाबा, छान. आणि विचारलंस, जेवलात का? त्या सभागृहापासून तू मला एकदाही खोडून काढलेलं नाहीस. मी काहीही बोलावं आणि तू हो म्हणावंस, असं किती वर्षं चाललंय. तुला वाटतं तू मला जपतेस, पण मला वाटतं की माझ्याशी बोलायचंच तू बंद केलंयस. माझी हार झाली त्याचं मला काही नाही, मला हरवणारी मुलगी गेली त्याचं फार आहे. म्हणून हे पत्र आणि म्हणून हा दगड. याच्या चिंध्या कर. आणि करता आल्या नाहीत तर तसं सांग, पण आधी मनापासून करून बघ. मी जेवलो का हे विचारायला तुझी आई इथे आहे. माझं कुठे चुकतंय हे सांगायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही.

तुझाच,
बाबा